दाभोळ वीज प्रकल्पाचा करार आणि शासनाचे उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९२ ते २०१९)

सारांश

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी व परकीय भांडवलासाठी खुले झाले. त्या धोरणाखाली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि दाभोळ वीज कंपनी यांच्यात ८ डिसेंबर १९९३ रोजी झालेला वीज खरेदी करार हा स्वतंत्र भारतातील सर्वाधिक वादग्रस्त सार्वजनिक करारांपैकी एक होय. प्रस्तुत शोधनिबंधात या कराराची पार्श्वभूमी, त्यातील कलमांची रचना, १९९५-९६ मधील फेरवाटाघाटी, २००१ मधील कोसळणे आणि त्यानंतरचा उत्तरदायित्वाचा प्रश्न यांचा कालानुक्रमे आढावा घेतला आहे. करारातील दोष हे केवळ मसुदा लिहिणाऱ्यांच्या चुका नव्हत्या. स्पर्धात्मक निविदेचा अभाव, गोपनीयता आणि हमी देताना लोकप्रतिनिधींना बाजूला ठेवण्याची पद्धत यांतून ते दोष निर्माण झाले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : दाभोळ वीज प्रकल्प, एन्रॉन, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, वीज खरेदी करार, राज्य हमी, प्रतिहमी, उत्तरदायित्व.

प्रस्तावना

सार्वजनिक करारावर सही करणारे अधिकारी मोजके असतात, परंतु त्या कराराचे ओझे वाहणारे लोक कोट्यवधी असतात. सही करणारे बदलून जातात, निवृत्त होतात, त्यांची सरकारे पडतात. ओझे मात्र राहते. लोकशाही राज्यव्यवस्थेत 'उत्तरदायित्व' या संकल्पनेचा अर्थ तपासायचा झाल्यास तो निवडणुकीच्या निकालाइतकाच अशा करारांच्या इतिहासातही तपासावा लागतो.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या संदर्भात १९९२ हे वर्ष विशेष बोलके आहे. त्या वर्षी तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. कुपोषण हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांपर्यंत शासनाची यंत्रणा किती तोकडी पोहोचते, हे उघड झाले. त्याच वर्षी २० जून रोजी राज्याच्या विद्युत मंडळाने एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी काही दिवसांच्या चर्चेनंतर अब्जावधी डॉलरच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारण संबंध नाही. तथापि एकाच शासनाची गती एका ठिकाणी किती मंद आणि दुसऱ्या ठिकाणी किती तीव्र असू शकते, हे त्या एकाच वर्षाने नोंदवून ठेवले आहे. पुढे या प्रकल्पासाठी राज्याने जी हमी दिली ती राज्याच्या तिजोरीवरील हमी होती. म्हणजेच गुहागरपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या साखरशेतसारख्या गावातील रहिवासीही, त्यांना कोणीही न विचारता, त्या कराराचे हमीदार झाले होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) दाभोळ वीज खरेदी कराराची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) करारातील प्रमुख कलमांचे स्वरूप व त्यांचे आर्थिक परिणाम समजून घेणे.
३) विविध पक्षांच्या सरकारांनी घेतलेल्या निर्णयांची चिकित्सा करणे.
४) सार्वजनिक करारांबाबत शासनाचे उत्तरदायित्व निश्चित का होऊ शकले नाही, याचा शोध घेणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून चौकशी समित्यांचे निष्कर्ष, न्यायालयीन निर्णय, तज्ज्ञांचे अभ्यास व प्रकाशित ग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. कालमर्यादा १९९२ च्या सामंजस्य करारापासून २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत ठेवली आहे.

१. संरक्षित क्षेत्राकडून खुल्या क्षेत्राकडे

मुंबई इलाख्यात विजेचा इतिहास खासगी भांडवलापासून सुरू होतो. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले व मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर मात्र वीज ही राष्ट्रउभारणीची पायाभूत गरज मानली गेली. १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्याने राज्य विद्युत मंडळांची चौकट घालून दिली. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने वीजनिर्मिती व वितरण हे उद्योग शासनाच्या अखत्यारीतील पहिल्या अनुसूचीत समाविष्ट केले. या चौकटीत १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयना, नाशिक, कोराडी, चंद्रपूर ही नावे त्याच काळाची देणगी होत.

हे संरक्षण दुहेरी होते. एकीकडे मंडळाला स्पर्धा नव्हती. दुसरीकडे मंडळाच्या हिशेबांची कसोशीने तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणाही नव्हती. दर राजकीय सोयीने ठरत, गळती व चोरी यांचे खरे प्रमाण बराच काळ झाकलेले राहिले. वीज नियामक आयोग महाराष्ट्रात १९९९ मध्ये अस्तित्वात आला, तोपर्यंत मंडळाने कोणाला किती दराने पैसे द्यावेत यावर जाहीर सुनावणी होण्याची सोयच नव्हती. ज्या संस्थेला प्रश्न विचारले जाण्याची सवय नाही, ती संस्था करार करतानाही समोरच्याला पुरेसे प्रश्न विचारत नाही, हा धडा पुढील घटनाक्रमातून मिळतो.

१९९१ च्या परकीय चलन संकटानंतर केंद्राने १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून खासगी निर्मितीला वाव दिला. परकीय कंपनीला शंभर टक्के मालकी, भागभांडवलावर सोळा टक्के परतावा, करसवलत अशी आकर्षणे देण्यात आली. वरकरणी ही संरक्षणाची समाप्ती होती. प्रत्यक्षात संरक्षणाचा लाभार्थी बदलला : पूर्वी शासकीय मंडळाला जे अभय होते, ते आता हमी व परताव्याच्या रूपाने खासगी उत्पादकाला मिळाले. जोखमीवाचून नफा ही कल्पना बाजारपेठेच्या नावाखाली आली असली तरी ती बाजारपेठेच्या तत्त्वात बसणारी नव्हती.

२. सामंजस्य करार ते वीज खरेदी करार (१९९२-१९९४)

मे १९९२ मध्ये केंद्र शासनाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शिष्टमंडळ गुंतवणूकदारांच्या भेटीसाठी अमेरिकेला गेले. जूनच्या मध्यावर एन्रॉनचे अधिकारी भारतात आले. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचा किनारा निवडला आणि २० जून रोजी सामंजस्य करार झाला. एवढ्या अल्पावधीत मागणीचा अभ्यास, इंधनाची तुलना किंवा अन्य कंपन्यांचे प्रस्ताव मागवणे शक्य नव्हते, आणि तसे झालेही नाही. निविदा काढण्यात आली नाही. प्रकल्प आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालावा हे गृहीत धरण्यात आले.

जागतिक बँकेकडे अर्थसाहाय्याचा विषय गेला तेव्हा १९९३ च्या एप्रिलमध्ये बँकेने प्रतिकूल मत कळवले. आयात वायूवर चालणारा एवढा मोठा प्रकल्प सतत पूर्ण क्षमतेने चालवण्याइतकी राज्याची मागणी नाही आणि तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असा त्या मताचा आशय होता. खासगीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेनेच हा इशारा दिला होता, हे लक्षणीय आहे. इशारा बाजूला ठेवून वाटाघाटी चालू राहिल्या. मार्च १९९३ मध्ये सुधाकरराव नाईक यांच्या जागी शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. दाभोळ कंपनीत एन्रॉनचा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा होता. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा व दोन्ही टप्पे मिळून क्षमता २,०१५ मेगावॅट ठरली. फेब्रुवारी १९९४ मध्ये राज्याने हमी दिली आणि १५ सप्टेंबर १९९४ रोजी केंद्र शासनाने प्रतिहमी दिली.

३. कराराची रचना आणि तिच्यातील दोष

दाभोळ करारातील दराचे दोन भाग होते. पहिला क्षमतेचा स्थिर आकार, दुसरा प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा ऊर्जा आकार. द्विभाग दर ही स्वतःमध्ये आक्षेपार्ह गोष्ट नव्हे. वीजनिर्मितीत ती सर्वत्र रूढ आहे. दोष होता तो जोखमीच्या वाटणीत. वीज घेतली किंवा न घेतली तरी केंद्र उपलब्ध आहे एवढ्यावर स्थिर आकार देणे मंडळावर बंधनकारक होते. त्याचा परिणाम साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा स्थिर आकार शंभर रुपये आहे. शंभर युनिटे उचलली तर प्रति युनिट एक रुपया पडतो; तीसच युनिटे उचलली तर तोच भार तीन रुपये तेहेतीस पैसे होतो. वीज महाग म्हणून मंडळाने कमी उचलावी, तर ती आणखी महाग होणार, असे हे चक्र होते.

करारातील अन्य तरतुदी याच दिशेच्या होत्या. देयके डॉलरशी निगडित होती. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना मिळत होता, २००१ च्या आरंभी तो ४६ रुपयांच्या पुढे गेला होता. म्हणजे अन्य काहीही न बदलता केवळ विनिमय दरामुळे डॉलरमधील देणे रुपयांत सुमारे दीडपट झाले. इंधनाच्या किमतीतील वाढ पूर्णतः ग्राहकावर टाकली होती. वाद झाल्यास लवाद लंडनमध्ये चालणार होता आणि सार्वभौम संरक्षणाचा हक्क सोडून देण्यात आला होता. हमी, प्रतिहमी आणि मंडळाच्या महसुलावर पहिला हक्क देणारी व्यवस्था अशी कुलपांवर कुलपे घालून कंपनीची बाजू सुरक्षित करण्यात आली होती.

याउलट, मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही तर काय, रुपया घसरला तर मर्यादा कोणती, स्वस्त विजेचे केंद्र बंद ठेवून महाग वीज घ्यावी लागली तर ग्राहकाला संरक्षण कोणते, या प्रश्नांना करारात मंडळाच्या बाजूने उत्तर नव्हते. कंपनीने आंतरराष्ट्रीय वकील व वित्ततज्ज्ञांच्या साहाय्याने मसुदा तयार केला. समोर बसलेल्या मंडळाला अशा कराराचा पूर्वानुभव नव्हता. त्यामुळे 'सदोष मसुदा' हा शब्दप्रयोग जपूनच वापरावा लागतो. कंपनीच्या दृष्टीने मसुदा अत्यंत काटेकोर होता. तो सदोष होता तो केवळ जनतेच्या बाजूने.

या कलमांचे पहिले सविस्तर सार्वजनिक विश्लेषण शासनाने नव्हे तर पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेच्या गिरीश संत, शंतनू दीक्षित व सुबोध वागळे या अभ्यासकांनी १९९५ मध्ये केले. करार गोपनीय ठेवण्यात आला होता. ज्या जनतेने वीस वर्षे बिले भरायची, तिला करार वाचण्याचा अधिकार नव्हता. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे भारतीयांच्या 'शिक्षणा'वर दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितल्यावर संशयाचे वातावरण आणखी गडद झाले. भ्रष्टाचाराचा आरोप मात्र कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. गोपनीयतेची खरी हानी हीच की तिने आरोप सिद्ध होण्याची वाट बंद केली आणि निर्दोष असलेल्यांना निर्दोषत्व दाखवण्याची वाटही बंद केली.

४. विरोध, रद्दबातल आणि पुनरुज्जीवन (१९९५-१९९७)

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करीत शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या सरकारने उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. निविदेचा अभाव, अवाजवी भांडवली खर्च, गोपनीयता आणि पर्यावरण यांवर समितीने बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत करार रद्द केल्याची घोषणा केली. कंपनीने लंडनमध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केली. राज्याने सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल करून करार गैरमार्गाने झाल्याचे प्रतिपादन केले.

त्यानंतरचा घटनाक्रम या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क यांच्या मुंबईतील भेटीगाठींनंतर फेरवाटाघाटींसाठी तज्ज्ञगट नेमण्यात आला. ८ नोव्हेंबरला नेमलेल्या या गटाने १९ नोव्हेंबरला, म्हणजे अकरा दिवसांत, आपला प्रस्ताव सादर केला. जानेवारी १९९६ मध्ये शासनाने तो स्वीकारला. प्रकल्पाची क्षमता कमी होण्याऐवजी २,०१५ वरून २,१८४ मेगावॅट झाली. मूळ करारात मंडळावर केवळ पहिल्या टप्प्याचे बंधन होते आणि दुसरा टप्पा ऐच्छिक होता. सुधारित करारात दोन्ही टप्पे बंधनकारक झाले. भांडवली खर्च व दर कमी झाल्याचे सांगण्यात आले, परंतु वायूचे पुनर्बाष्पीकरण करणाऱ्या यंत्रणेचा खर्च प्रकल्पातून काढून इंधनाच्या खात्यात टाकला गेला, हे टीकाकारांनी दाखवून दिले. २,१८४ मेगावॅट क्षमता वर्षभर ९० टक्के उपलब्ध धरल्यास सुमारे १,७२० कोटी युनिटे होतात. एवढ्या विजेच्या क्षमतेचा आकार भरण्याचे बंधन राज्याने, पहिला करार जनहितविरोधी ठरवल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, स्वतःहून पत्करले. उच्च न्यायालयातील दावाही मागे घेण्यात आला. मे १९९६ मध्ये केंद्रातील अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारने सुधारित करारासाठी प्रतिहमी मंजूर केली. विश्वासमत न मिळवलेल्या सरकारने वीस वर्षांची हमी द्यावी काय, हा संसदीय नीतीचा प्रश्न त्यातून उभा राहिला.

अभय मेहता आणि 'सिटू' ही कामगार संघटना यांनी सुधारित कराराला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये याचिका फेटाळली. मात्र शासनाच्या कोलांटउडीवर बोचरी टीका करीत राजकीय सोयीपुढे लोकहित दुय्यम ठरल्याची खंत नोंदवली. मे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या वैधतेचा प्रश्न खुला ठेवला नाही. महाराष्ट्र शासनाच्या उत्तरदायित्वापुरतीच याचिका विचारार्थ घेतली. करार कायम आणि त्याबद्दलची जबाबदारी मात्र तपासाधीन, अशी ही स्थिती होती.

गुहागर तालुक्यातील वेलदूर, अंजनवेल, रानवी या गावांनी याच काळात आंदोलने केली. भूसंपादन, मासेमारीवरील परिणाम व प्रदूषणाची भीती हे त्यांचे प्रश्न होते. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या घरांत शिरून कोळी स्त्रियांना केलेली मारहाण व अटक यांची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनीही घेतली. करार वाचू न दिलेल्या जनतेला लाठीचा अर्थ मात्र तत्काळ समजावून देण्यात आला.

५. कोसळणे (१९९९-२००१)

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दुसरा टप्पा व वायूची व्यवस्था होईपर्यंत इंधन म्हणून नाफ्था वापरला जात होता. खनिज तेलाच्या जागतिक किमती १९९८-९९ मधील प्रति पिंप दहा-बारा डॉलरवरून २००० मध्ये तीस डॉलरच्या वर गेल्या आणि त्यांच्यासोबत नाफ्थाही चढला. रुपया घसरत होता, मंडळ महाग वीज कमी उचलत होते. परिणामी स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन २००० मध्ये काही महिन्यांत दाभोळच्या विजेचा सरासरी दर प्रति युनिट सात रुपयांच्या वर गेला. 'प्रयास'च्या अभ्यासकांनी पाच वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले धोके आता मंडळाच्या खतावणीत उतरले.

डिसेंबर २००० चे १०२ कोटी रुपयांचे देयक थकले. कंपनीने राज्याच्या हमीकडे व नंतर केंद्राच्या प्रतिहमीकडे बोट दाखवले. मंडळानेही करारातील एका कलमाचा आधार घेतला : २८ जानेवारी २००१ रोजी केंद्र ठरलेल्या वेळेत पूर्ण क्षमतेने चालू झाले नाही, म्हणून ४०१ कोटी रुपयांची दंडरूप आकारणी केली. २३ मे २००१ रोजी मंडळाने करार संपुष्टात आणल्याचे कळवले व त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र बंद पडले. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. जुलै २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ, 'गेल' व वित्तसंस्था यांच्या सहभागातून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प अखेर सार्वजनिक क्षेत्राच्या पदरात आला. खासगी कार्यक्षमतेचे प्रतीक म्हणून आणलेला प्रकल्प सार्वजनिक पैशाने सावरावा लागला. पाकिस्तानातील हबको व इंडोनेशियातील पैटन या प्रकल्पांच्या करारांवरही त्याच दशकात वाद झाले. तेव्हा हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नव्हता, हे मान्य करावे लागेल.

६. उत्तरदायित्वाचा शोध

फेब्रुवारी २००१ मध्ये विलासराव देशमुख यांच्या सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा आढावा समिती नेमली. दीपक पारेख, ई. ए. एस. शर्मा, आर. के. पचौरी, किरीट पारीख यांसारखे जाणकार तिच्यात होते. १० एप्रिल २००१ च्या अहवालात समितीने निर्णयप्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर शासनव्यवहाराचे अपयश दिसते आणि ते कोणा एका सरकारापुरते मर्यादित नाही, असा निष्कर्ष काढला. न्यायालयीन चौकशीच्या प्रश्नावर मात्र समितीत एकमत झाले नाही. त्यानंतर राज्याने न्यायमूर्ती एस. पी. कुर्डूकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला, परंतु त्याचे काम पूर्णत्वास गेले नाही. सर्वोच्च न्यायालयात १९९७ पासून प्रलंबित असलेला उत्तरदायित्वाचा प्रश्न एप्रिल २०१९ मध्ये, दीर्घ कालावधी लोटल्याच्या कारणास्तव, बंद करण्यात आला. बावीस वर्षे जिवंत राहिलेल्या प्रश्नाचा शेवट उत्तराने झाला नाही. तो विलंबाने झाला.

असे का घडले ? याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण घटनात्मक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ अन्वये शासनाच्या नावे केलेल्या करारासाठी राज्यपाल किंवा सही करणारी व्यक्ती वैयक्तिकरीत्या जबाबदार धरली जात नाही. ही तरतूद आवश्यक आहे, अन्यथा कोणताही अधिकारी सही करण्यास धजावणार नाही. परंतु वैयक्तिक दायित्वातून दिलेली ही सूट राजकीय व प्रशासकीय उत्तरदायित्वातूनही सूट असल्याप्रमाणे वापरली गेली. दुसरे कारण हमीच्या स्वरूपात आहे. अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याच्या संचित निधीवर हमी देता येते व विधिमंडळ तिला कायद्याने मर्यादा घालू शकते. अर्थसंकल्पातील प्रत्येक मागणीवर मतदान होते. त्याहून कितीतरी मोठ्या हमीवर मात्र सभागृहाचे मत घेण्यात आले नाही. तिसरे कारण राजकीय आहे. काँग्रेसने करार केला, युतीने तो मोडून मोठा केला, केंद्रातील वेगवेगळ्या सरकारांनी प्रतिहमी दिली. दोष सर्वांत वाटला गेला तेव्हा त्याची चौकशी व्हावी असे कोणालाच मनापासून वाटण्याचे कारण उरले नाही.

या अनुभवानंतर काही सुधारणा निश्चित झाल्या. नियामक आयोगापुढे जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्ये व केंद्राचा २००५ मध्ये आला. २००३ च्या वीज कायद्याने वीज खरेदी करारांना आयोगाच्या नियंत्रणाखाली आणले आणि स्पर्धात्मक बोलीने दर ठरवण्याची वाट उघडली. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन झाले. दाभोळचा अनुभव नसता तर या सुधारणांना एवढी निकड आली असती काय, याविषयी शंकाच आहे.

निष्कर्ष

१) दाभोळ करारातील मूळ दोष कलमांच्या भाषेपेक्षा निर्णयाच्या प्रक्रियेत होता. निविदा, मागणीचा अभ्यास व प्रकटीकरण या तीन पायऱ्या गाळल्यानंतर कोणताही मसुदा जनहिताचा होणे कठीण होते.

२) संरक्षण रद्द करण्याच्या धोरणाने प्रत्यक्षात जोखीम खासगी उत्पादकाकडून ग्राहक व करदात्यांकडे वळवली.

३) १९९६ मधील फेरवाटाघाटी हा पहिल्या कराराहूनही गंभीर टप्पा होता, कारण त्या वेळी दोष अज्ञात नव्हते, शासनानेच ते लेखी मांडले होते.

४) सत्तांतर म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. पक्ष बदलले तरी कराराचे बंधन व त्यामागील मौन दोन्ही टिकून राहिले.

५) राज्य हमी देणाऱ्या कोणत्याही कराराचा संपूर्ण मसुदा सहीपूर्वी विधिमंडळासमोर व जनतेसमोर ठेवला जाणे, ही उत्तरदायित्वाची किमान अट मानली पाहिजे.

समारोप

हमी हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहताना शेतकरी दहा वेळा विचार करतो. ज्याला जामीन राहायचे त्याचे घर, शेत, वागणूक पाहतो आणि मगच अंगठा किंवा सही देतो. कर्जदाराने पैसे बुडवले तर आपल्या दारात जप्ती येईल, हे त्याला ठाऊक असते. १९९४ मध्ये महाराष्ट्राच्या जनतेला ज्या कर्जदाराला जामीन ठेवले गेले, त्याचा कागद तिला दाखवलाही गेला नाही. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत शाळा, आरोग्य केंद्र वा पाण्याची योजना मागताना निधी नसल्याचे उत्तर मिळते, त्या वेळी हा जामीन आठवणे अप्रस्तुत ठरू नये. तिजोरी एकच असते, आणि तिच्यावर कोणाची हमी किती काळासाठी टाकली गेली आहे, हे विचारण्याचा अधिकार साखरशेतच्या नागरिकाला मंत्रालयातील सचिवाइतकाच आहे. दाभोळच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच की सार्वजनिक कराराची पहिली प्रत जनतेच्या हाती पडली पाहिजे, आणि तीही सही होण्यापूर्वी.